गारगोटीचा वास

वाइनवर लिहिणाऱ्या मंडळींबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. आपल्याकडे पदार्थ चांगला झाला तर 'छान झालंय' आणि फारच चांगला झाला तर 'छान झालंय हो' यापलीकडे कौतुकाची मजल जात नाही. पंगतीत मठ्ठ्याचे दोन पेले रिचवलेल्या गृहस्थाला 'कसा आहे मठ्ठा?' म्हणून विचारलं, तर तो नुसता रिकामा पेला पुढे करतो. तेच त्याचं समीक्षण. ह्या वाइनवाल्यांचं तसं नाही. एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि मग जे बोलू लागतात ते ऐकून वाटावं, की गृहस्थांनी वाइन घेतलेली नसून अर्धी मंडई, वाण्याचं दुकान आणि भूगर्भशास्त्राची प्रयोगशाळा एकदम गिळलेली आहे.

शाब्ली नावाच्या फ्रेंच पांढऱ्या वाइनचं असलं वर्णन मी प्रथम वाचलं तेव्हा त्यातली यादी अशी होती. हिरवं सफरचंद. लिंबाची साल. इथवर ठीक आहे, दोन्ही खाण्याच्या गोष्टी आहेत. पुढे : ओला खडू. त्यापुढे : कालवाचं शिंपलं. आणि ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे चकमकीचा दगड! फ्रेंच लोकांकडे ह्या चवीला स्वतंत्र नाव आहे, त्याचा अर्थ 'बंदुकीचा दगड'. जुन्या काळच्या ठासणीच्या बंदुकीत ठिणगी पाडायला बसवायचे तो. आता साडेबारा टक्के अल्कोहोल पोटात गेल्यावर माणसाला दगडाची चव आठवावी यात नवल नाही. पुष्कळांना तो रस्त्यात प्रत्यक्ष चाखायलाही मिळतो. पण ही माणसं शुद्धीवर असताना लिहीत होती आणि एक नव्हे, सगळेच लिहीत होते.

ह्याचा छडा लागला तो आमच्या भाच्यामुळे. तो पॅरिसला नोकरीला असतो. आम्ही उभयता तिकडे गेलो तेव्हा एका रविवारी त्याने आम्हाला गाडीत घातलं आणि आग्नेयेला सुमारे १८० किलोमीटरांवर असलेल्या शाब्ली गावी नेलं. गाव केवढं, तर दोन-अडीच हजार वस्तीचं. मधून 'सरँ' नावाची नदी जाते. आपल्याकडे तिला ओढा म्हटलं असतं आणि तेही पावसाळ्यात. पलीकडच्या काठावर एक टेकडी, तिच्यावर नीट भांग पाडल्यासारख्या द्राक्षवेलींच्या रांगा. एवढ्या गावाचं नाव न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंतच्या हॉटेलांत दुमदुमावं आणि आपल्या अख्ख्या तालुक्याचं नाव पुढच्या तालुक्यात सांगताना जिल्हा जोडावा लागावा, हा विचार मनात येऊन गेलाच.

एका तळघरात चव घेण्याचा कार्यक्रम झाला. सौभाग्यवतींनी 'मी फक्त वास घेईन' एवढ्या बोलीवर पेला हातात घेतला. वाइनचा रंग फिकट सोनेरी, त्यात किंचित हिरवट झाक. भाचा नाक पेल्यात खुपसून सफरचंद शोधत होता. मी खडूच्या मागावर होतो. इतक्यात ही म्हणाली,

"अहो, ह्याला गारगोट्यांचा वास येतोय."

"कशाचा?"

"गारगोट्यांचा हो. लहानपणी अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचो नाही का? मग त्यांना यायचा तो जळकट वास."

भाच्याने हे फ्रेंचमध्ये करून सांगितलं, तसा तो तळघराचा मालक हिच्याकडे अशा नजरेने पाहू लागला की बास. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे तसं पाहिलेलं नाही. तो आत गेला आणि एक पांढुरका दगड घेऊन आला. दगड म्हणजे दगड नव्हेच, शिंपल्यांची चिक्की. नखाएवढी शिंपली एकमेकांत घट्ट बसलेली, प्रत्येकाला एका बाजूने बाक, अगदी आपल्या स्वल्पविरामासारखा. ह्या प्राण्याचं शास्त्रीय नाव एक्सोजायरा व्हर्ग्युला. फ्रेंच भाषेत स्वल्पविरामाला 'व्हिर्ग्युल' म्हणतात, तेव्हा माझी उपमा काही अगदीच वाया गेली नाही. हे एका जातीचं कालवच. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी शाब्लीच्या जागी उथळ, उबदार समुद्र होता आणि त्याच्या तळाशी ही कालवं सुखाने नांदत होती. समुद्र गेला, कालवं राहिली आणि त्यांच्यावर आज शार्दोने जातीची द्राक्षं उभी आहेत. ह्या थराला भूगर्भशास्त्रात नाव आहे 'किमरिजियन', आणि हे किमरिज म्हणजे इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं एक खेडं. फ्रान्समधल्या अभिमानाच्या मातीला इंग्लंडमधल्या खेड्याचं नाव! ते फ्रेंचांनी मुकाट्याने चालवून घेतलं, ही माझ्या मते युरोपच्या इतिहासातली एक मोठी घटना आहे.

मालकाने मग सिद्धान्त मांडला. मातीत कालवं, म्हणून वाइनमध्ये कालवाची चव, म्हणून ही वाइन कालवांबरोबर प्यायची. ऐकायला इतकं गोड वाटलं की टाळीच वाजवावी. पण मी सरकारी हिशेबतपासणीत हयात घालवलेला माणूस. तीन आकडे पहिल्या फटक्यात जुळले की आम्हाला झोप येत नाही.

घरी येऊन वाचलं तेव्हा शास्त्रज्ञांनी ह्या हिशेबावर केव्हाच लाल शेरा मारल्याचं दिसलं. वेलीची मुळं पाण्यात विरघळलेले क्षार अगदी अल्प प्रमाणात घेतात. चुनखडीचा खडा किंवा कालवाचं शिंपलं मुळातून वर चढून द्राक्षात बसत नाही. शिवाय चुनखडीला चव अशी नसतेच. गारगोटीचा म्हणून जो वास येतो तो वाइनमधल्या गंधकाच्या काही संयुगांचा. ती आंबण्याच्या क्रियेत आणि नंतर बाटलीत तयार होतात, दगडाशी त्यांचा संबंध नाही. मातीचं काम वेगळं. ती पाणी धरून ठेवते आणि जास्त झालेलं सोडून देते, म्हणजे वेलीला ना तहान लागते ना पाय कुजतात. हे काम काही लहान नाही. पण हे भाच्याला फोनवर सांगितलं तर तो असा गप्प झाला, जसं काही मी त्याची पत्रिका खोटी आहे म्हणून सांगितलं.

मग शाब्लीची आणि कालवांची सोयरीक जुळवली कोणी? तर माणसांनी. त्यात साधू होते, नावाडी होते, हॉटेलवाले होते आणि एक रशियन कादंबरीकारही होता.

सुरुवात साधूंपासून करतो. इ. स. ८६७ मध्ये चार्ल्स नावाच्या राजाने शाब्लीचा मठ तूर गावच्या संत मार्टिनच्या साधूंना देऊन टाकला. ह्या चार्ल्सचं इतिहासातलं अधिकृत नाव 'टकला चार्ल्स' असं आहे. आपल्याकडे राजाचं चरित्र लिहिताना एवढा मोकळेपणा दाखवला असता तर बखरकाराचंच मुंडण झालं असतं. त्या साधूंना नॉर्मन चाच्यांनी त्राही भगवान करून सोडलं होतं. संताचे अवशेष पाठीवर घेऊन ते गावोगाव हिंडत होते. त्यांना आसरा मिळाला, आसऱ्याबरोबर द्राक्षमळे मिळाले. पुढे १११४ साली जवळच पोंतिन्यीचा मठ स्थापन झाला. हे सिस्टर्शियन पंथाचे साधू म्हणजे कडक सोवळ्यातले. जाडाभरडा झगा, पहाटेची प्रार्थना, स्वतः शेतात राबायचं आणि मांस वर्ज्य. बाराव्या शतकात त्यांनी शाब्लीत मळे घेतले आणि खरी शेती सुरू झाली. गावात त्यांचं जुनं कोठार अजून उभं आहे. शार्दोनेची लागवड त्यांनीच आणली, असं तिकडे सांगतात.

मांस वर्ज्य, वाइन मात्र चालते, हे ऐकून आमची ही म्हणाली, "बरे की हे सोवळेवाले!" पण ह्यातच पुढची गोम आहे. ख्रिस्ती कॅथलिक जगात शुक्रवारी मांस नाही, ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस मांस नाही, आणखी कितीतरी सणांच्या आदल्या दिवशी नाही. मात्र मासे चालत. म्हणजे मासे हे त्यांचं उपवासाचं पदार्थजात! आपण साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस खाऊन 'आज उपास आहे हो' म्हणतो, तसे ते पाइक मासा आणि कालवं खाऊन म्हणत. एकादशी अन् दुप्पट खाशी ही सार्वत्रिक गोष्ट आहे. तेव्हा वर्षातले शंभराहून अधिक दिवस माशांचे, माशांबरोबर शोभेल अशा हलक्या, आंबटसर, पांढऱ्या वाइनची गरज, आणि ती कुठून आणायची हा प्रश्न. उत्तर नदीने दिलं.

शाब्लीची पिंपं बैलगाडीतून ओसेरला जात, तिथून योन नदीत पडावावर चढत, योन सेन नदीला मिळते आणि सेन थेट पॅरिसला. सगळा प्रवास उताराचा. बोनकडच्या बड्याबड्या बर्गंडी वाइनना पॅरिस गाठायला डोंगर ओलांडावे लागत, शाब्ली मात्र नावेत बसून आरामात येई. तिकडून, समुद्राकडून, नॉर्मंडीची आणि ब्रिटनीची कालवं पॅरिसला येत. दोघांची गाठ पडली ती पॅरिसच्या हॉटेलांत. दोन स्थळं दोन दिशांनी येऊन एकाच मंगल कार्यालयात भेटावीत तसा प्रकार. एकोणिसाव्या शतकात तर कालवं म्हटली की शाब्ली हे समीकरण इतकं पक्कं झालं, की जगभरच्या फ्रेंच वळणाच्या हॉटेलांनी ते जसंच्या तसं उचललं.

किती लांबवर, त्याला पुरावा आहे टॉलस्टॉयच्या 'ॲना कारेनिना'चा. मॉस्कोतल्या हॉटेलात ओब्लोन्स्की आपल्या मित्राला, लेविनला, जेवायला घेऊन जातो. कालवं येतात, मासा येतो आणि टेबलावरची वाइन म्हणून ओब्लोन्स्की दुसरं एक नाव घेता घेता थांबतो आणि शाब्लीच मागवतो. कर्जात बुडालेला, पण मेन्यूकार्ड हातात आलं की डोळ्यांत पाणी येणारा हा माणूस. आणि समोर लेविन बसलाय, शेतावर राहणारा. त्याला खरं म्हणजे कोबीचं सूप आणि लापशी हवी आहे. कालवं तो खातो, पण पाव आणि चीज असतं तर अधिक बरं वाटलं असतं असं त्याचं आपलं चाललेलं. ही कादंबरी १८७५ ते १८७७ मध्ये क्रमशः छापून आली. रशियन साहित्याचे अभ्यासक ह्या प्रसंगाविषयी पुष्कळ काही लिहितात. मला त्यात फक्त पंचतारांकित हॉटेलात जावयाने नेलेला सासरा दिसतो, मनातल्या मनात पिठलं-भाकरी घोकणारा.

टॉलस्टॉयच्या शाईत शाब्ली अशी उजळत होती त्याच सुमारास शाब्ली गावाचे वाईट दिवस सुरू झाले होते. १८५० च्या दशकात आगगाडी आली. ती दक्षिण फ्रान्समधली स्वस्त वाइन पिंपांच्या पिंपांनी पॅरिसमध्ये ओतू लागली. नदीचा फायदा एका शिट्टीत संपला. मग १८८० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाचा टाचणीच्या टोकाएवढा किडा ह्या भागात पोचला. हा अमेरिकेचा पाहुणा. वेलीच्या मुळांना लागतो आणि वेल उभी वाळवतो. औषध एकच निघालं. अमेरिकन वेलीची मुळं घ्यायची आणि तिच्यावर फ्रेंच वेलीचं कलम करायचं. म्हणजे ज्या घरून रोग आला त्याच घरची सून करून घ्यायची. पण त्याला पैसा लागे आणि पैसा संपला होता. एकेकाळी योन जिल्ह्यात सुमारे ४०,००० हेक्टरांवर द्राक्षं होती. मग पहिलं महायुद्ध आलं, तरुण माणसं गेली ती परतली नाहीत. जून १९४० मध्ये गावावर बॉम्ब पडले. वर कडाक्याचे दहिवर. १९५० च्या दशकात शाब्लीच्या नावाने लावलेली द्राक्षं जेमतेम ५०० हेक्टरांवर उरली. टेकड्यांवर झुडपं माजली.

आणि ह्याच काळात, लक्षात घ्या, जगात शाब्लीचा महापूर वाहत होता! कॅलिफोर्नियात शाब्ली, ऑस्ट्रेलियात शाब्ली. पांढरी आणि स्वस्त असली की झाली शाब्ली. त्यात शार्दोनेचं एक द्राक्ष असेलच असं नाही. पुष्कळदा ती गोडसर असे, म्हणजे अस्सल शाब्लीच्या नेमकी उलट. कॅलिफोर्नियात १९६० आणि १९७० च्या दशकांत गुलाबी शाब्लीसुद्धा निघाली. पांढऱ्या वाइनची गुलाबी आवृत्ती! रामायणात वसिष्ठ ऋषींच्या कामधेनूचं नाव शबला आहे. विश्वामित्र राजा सैन्यासह आश्रमात आला, पोटभर जेवला आणि जाताना 'ही गाय मला द्या' म्हणाला. नाही म्हटल्यावर ओढून नेऊ लागला. शाब्ली आणि शबला ह्या नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला ठाऊक आहे, तशी पत्रं कृपया पाठवू नयेत. पण प्रसंग तोच. फरक इतकाच, की वसिष्ठांच्या शबलेने अंगातून सैन्य निर्माण करून राजाला पळवून लावलं. शाब्लीच्या शेतकऱ्यांना कोर्टात जावं लागलं आणि कोर्टाचा वेग आश्रमापेक्षा कमी असतो.

पहिली लढाई घरातच झाली. आजूबाजूची गावंही आपल्या वाइनला शाब्ली म्हणू लागली होती. तेव्हा पहिल्या महायुद्धानंतर प्रश्न निघाला : शाब्ली म्हणायचं कशाला? काहींनी तो स्वल्पविरामाचा दगड पुढे केला. किमरिजियन माती असेल तीच शाब्ली, बाकी सगळे तोतये. १९३८ साली सरकारी शिक्का मिळाला, सीमा आखल्या गेल्या. मग दुसरा पक्ष उभा राहिला. टेकड्यांच्या माथ्यावरची माती पोर्टलंडियन, म्हणजे पुन्हा एका इंग्रज गावाच्या नावाची, तिने काय घोडं मारलं? दोन्ही पक्षांत वर्षानुवर्षं जुंपली. एक पक्ष म्हणे माती महत्त्वाची, दुसरा म्हणे उतार, ऊन आणि वारा महत्त्वाचा. अखेर १९७० च्या दशकात अधिकाऱ्यांनी मातीवरचा भर कमी केला आणि क्षेत्र वाढायला वाट मोकळी झाली. वर सांगितलेल्या शास्त्रज्ञांच्या दृष्टीने पाहिलं तर दुसरा पक्ष अगदीच चूक म्हणता येत नाही. पण माझं मत विचाराल तर मन पहिल्या पक्षाकडे आहे. शाब्लीला दगडाची चव नसेल, पण त्या दगडाने गावाला भांडायला कारण दिलं आणि ते नसतं तर मधल्या वाईट दिवसांत त्या पाचशे हेक्टरांवर कोण टिकून राहिलं असतं? आमच्या कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाजारात भलत्याच आंब्याच्या पेटीवर 'देवगड' वाचून ज्याचं रक्त उसळतं त्याला शाब्लीकरांचा संताप वेगळा समजावून सांगायला नको.

बाहेरची लढाई आणखी लांबली. ऑस्ट्रेलियाने १९९४ च्या करारात हे नाव हळूहळू सोडायचं कबूल केलं. अमेरिकेने २००६ साली कबूल केलं, पण कसं, तर नव्या कोणी वापरायचं नाही, जुन्यांनी चालू ठेवावं. भाडेकरू कायद्याशी आपला परिचय असल्यामुळे ह्या व्यवहाराचा अर्थ फोड करून सांगायची गरज नाही. आता शाब्लीचं क्षेत्र साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक आहे. त्यात चार पायऱ्या. सगळ्यात खाली पती शाब्ली, मग नुसती शाब्ली, मग प्रमिए क्रू आणि शिखरावर ग्राँ क्रू. ही ग्राँ क्रू म्हणजे नदीपलीकडची ती एकच टेकडी, सुमारे शंभर हेक्टर, तिचे सात तुकडे. त्यांतल्या एकाचं नाव ग्रेन्युई, म्हणजे 'बेडूक'. नदीकाठचे बेडूक तिथे ओरडत म्हणून. आपण एवढ्या महागड्या वस्तूला 'अमृतकुंभ' किंवा 'राजयोग' याखाली नाव ठेवलं नसतं.

आता खाण्याकडे वळू. नाहीतर वाचक म्हणतील, जेवायला बोलावून इतिहासच वाढला.

कालवांबरोबर ही वाइन का जमते, ह्याचं कारण मातीत नाही, जिभेवर आहे. शाब्ली चांगलीच आंबट. कालव खारट. खारटाने आंबटाची धार बोथट होते आणि आंबटाने खारट उजळतं. आपण तळलेल्या माशावर लिंबू पिळतो ते दुसरं काय करतो? कोकणात खडकांवरची कालवं कोयत्याने फोडून काढतात आणि त्यांचं कालवण करतात, तिथे हे काम कोकम करतं. फ्रेंच माणूस कालव कच्चं खातो आणि लिंबू पेल्यात ठेवतो. एवढाच काय तो मतभेद. लाल वाइन माशाबरोबर का नको, तर तीत लोह अधिक असू शकतं. २००९ साली जपानी संशोधकांनी शिंपल्यातल्या प्राण्यांबरोबर निरनिराळ्या वाइन चाखवून दाखवून दिलं, की लोह जितकं जास्त तितका तोंडात मागाहून उरणारा माशाचा उग्र वास जास्त. म्हणजे हा नियम नुसता साहेबी शिष्टाचार नव्हे.

शाब्ली गावात मात्र समुद्र नाही. १५ कोटी वर्षांपूर्वीचा होता तो गेला. त्यामुळे खुद्द गावकरी जे खातात ते वेगळंच. डुकराच्या मांडीचे काप, म्हणजे हॅम, टोमॅटो आणि साय घातलेल्या शाब्लीच्याच रश्शात सोडून खातात. आंदुयेत नावाचा एक सॉसेज आहे, डुकराच्या आतड्यांचा. त्याचा वास पहिल्यांदा आला तेव्हा भाच्याने घाईघाईने गाडीच्या काचा वर केल्या. पण खाणारे सांगतात, की त्याच्या चरबीला शाब्लीची आंबटाईच पुरी पडते. लसूण-लोण्यातल्या गोगलगायी हा त्या प्रांताचा आणखी एक मान. आमच्या हिला पसंत पडलं ते गुजेर. चीज घातलेलं फुगीर, पोकळ, गरम गरम. भज्याच्या आणि पुरीच्या मधलं काहीतरी. तिने चार खाल्ले. शेजारच्या शाउर्स गावचं मऊ, पांढऱ्या सालीचं चीजही शाब्लीबरोबर छान लागतं. आतून ते किंचित खडूसारखं भुरभुरीत असतं. यादीतला खडू मला सापडला तो तिथे.

आपल्या जेवणाबरोबर कशी लागेल, असं पुष्कळजण विचारतात. मालवणी तिखट रस्सा असेल तर बाटली बंदच ठेवावी. अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो आणि दोघांच्या भांडणात बिचारी शाब्ली आणि तिची किंमत दोन्ही वाया जातात. पापलेट रव्यात घोळवून तळलेलं, तिखट बेताचं, वर लिंबू न पिळता, हे मात्र जमतं. लिंबू पिळलं तर एका म्यानात दोन तलवारी. आणि फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून दाताला झिणझिण्या येतील इतकी गार करू नये. दहा-बारा अंश पुरे. त्याहून गार केली की सगळे वास गोठून बसतात आणि हातात राहतं ते महागाचं लिंबूपाणी. ग्राँ क्रू असेल तर दहा वर्षं थांबायची तयारी हवी. रंग सोनेरी होतो, आंबटपणा निवतो, मधाचा आणि अळंब्यांचा वास येऊ लागतो. दहा वर्षं घरात बाटली न उघडता ठेवायची, हे मुरांब्याची बरणी वर्षभर राखून दाखवणाऱ्या आमच्या आजीला जमलं असतं. आम्हाला जमायचं नाही.

ह्या सगळ्याचं मूळ ती आंबटाई, आणि आंबटाईचं मूळ थंडी. शाब्ली इतकं उत्तरेला आहे, की तिथून शँपेनची हद्द बोनपेक्षा जवळ. द्राक्षं सावकाश पिकतात, साखर बेताची भरते, आंबट टिकतं. जी थंडी ही चव देते तीच वसंतात कोंब मारून टाकते. एप्रिलात वेलीला हिरवे, लुसलुशीत डोळे फुटतात आणि एखाद्या निरभ्र, निवांत रात्री पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरला की सकाळी ते काळे पडलेले असतात. वर्षाचं पीक एका पहाटेत जातं. अलीकडे हिवाळे सौम्य होत चालले आहेत. म्हणून हे प्रकरण सुटेल असं वाटावं, तर झालं उलटं. उबेने फसून वेली आधीच डोळे उघडतात आणि दहिवर आपल्या जुन्या तारखेला येतंच. शिवाय उन्हाळे तापले की द्राक्षात साखर वाढते, आंबट घटतं. म्हणजे पीक वाचलं तरी चव वाचेल याची खात्री नाही. तळघराचा मालक एवढ्याच एका विषयावर थट्टा न करता बोलला.

एप्रिल २०२१ मध्ये ते दहिवर आलं तेव्हाची छायाचित्रं जगभर छापली गेली. काळोखात अख्ख्या टेकड्यांवर रांगांच्या रांगा मेणाचे डबे पेटवलेले, देवदिवाळीच्या रात्री घाटावर दिवे मांडावेत तसे. बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर! त्या दिव्यांमधून रात्रभर धावणाऱ्या माणसांना काय वाटत असेल ते वेगळं. दुसरा उपाय त्याहून चमत्कारिक. वेलींवर रात्रभर बारीक पाणी फवारायचं. थंडीत पाणी शिंपडणं म्हणजे आगीत तेल, असं आपल्याला वाटतं. पण पाणी गोठताना स्वतःची उष्णता बाहेर टाकतं. कोंबाभोवती बर्फाचं पातळ कवच धरतं आणि त्याच्या आत कोंब शून्याच्या आसपास जिवंत राहतो. ह्या पाण्यासाठी शेजारच्या बेन गावाजवळ एक मोठं तळं खास खोदलेलं आहे. अट एवढीच, की फवारा मध्ये थांबता कामा नये. पंप बंद पडला तर तेच बर्फ कोंबाचा जीव घेतं. म्हणून पहाटे दोनला सुरू केलेलं पाणी उजाडलं तरी चालूच ठेवावं लागतं. ऊन टेकडीवर चढतं, काचेत बसवल्यासारखे हिरवे डोळे चमकू लागतात, आणि रात्रभर जागलेली माणसं गमबूट घालून, हातात काही न घेता, ते बर्फ आपोआप गळून पडण्याची वाट पाहत उभी असतात.